गणपतीतलं स्किट, फिलिपिनो 'मारिया' आणि इंदायचे जोक : हसायचं नक्की कुणावर?

केतकी_हाँकाँ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.
आम्ही हाँगकाँगला असतो. इथली काही मराठी घरं मिळून गणपतीत एका रविवारी कार्यक्रम करतो, म्हणजे आरती, जेवण, पोरांचे नाच आणि एक स्किट. यंदाच्या स्किटमध्ये 'मारिया' नावाची फिलिपिनो हेल्पर, म्हणजे घरकामाची बाई आहे. एक काका विग घालून, लिपस्टिक फासून ती करणार. सगळा विनोद काय, तर ती "यस मॅम, सॉरी मॅम" करत पोह्यांना कॉर्नफ्लेक्स समजून दुधात टाकते आणि मॅम कपाळाला हात लावते. मी ग्रुपवर म्हटलं, अहो हे बरं दिसत नाही, आपल्या सगळ्यांच्या घरी त्याच बायका आपली पोरं सांभाळतात. तर उत्तर आलं, "अगं त्यांचेच लोक स्वतःवर जोक करतात, बघ की," आणि वर धडाधड लिंका.
लिंका बघितल्या. इंदायचे जुने जोक होते, याया डब (त्यांच्या टीव्हीवरची गाजलेली आया) होती, शिवाय इथल्याच हेल्पर बायकांचे व्हिडिओ. हसून हसून पुरेवाट. पण मला ते आमच्या स्किटच्या बरोब्बर उलटं वाटलं. का उलटं, हे काही ग्रुपवर धड मांडता येईना, म्हणून इथे विचारतेय.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंदाय म्हणजे २००७ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये एसएमएसवरून पसरलेलं पात्र. गावाकडून मनिलाला घरकामाला आलेली मुलगी. मालकीण विचारते भाजी खारट का झाली, की ही शांतपणे सोडियम क्लोराइडचं प्रमाण आणि त्या प्रक्रियेचं अपरिवर्तनीयत्व यावर अस्खलित इंग्रजीत व्याख्यान देते, आणि मालकिणीच्या नाकाचा घोळणा फुटतो.

खडूस
मी पयला!
काय चुकलं त्या काकांचं? विनोद आहे. हल्ली कशावरही हसलं की कुणाच्या तरी भावना दुखावतात. आपण मराठी लोक तर बायकोवर, सासूवर, पुणेकरांवर सगळ्यांवर हसतो. कृपया हलके घ्या.

मोरपीस
इंदाय भारी आहे!! मराठीत करून बघू.
"मावशी, कप कसा फुटला?"
"वहिनी, चिनीमातीचा ठिसूळपणा आणि तुमच्या ओट्याचा अवैज्ञानिक उतार यांच्या संयुक्त परिणामातून ही घटना उद्भवली. माझी भूमिका केवळ साक्षीदाराची होती."

चिंगी
ठ्ठो!!
"मावशी, काल का नाही आलात?"
"ताई, सलग सेवेनंतर श्रमशक्तीचं पुनर्भरण अनिवार्य असतं. आपणही शनिवार-रविवार याच तत्त्वावर घरी असता."

पेणचा_पापड
"मावशी, पगारातून दोन दिवस कापते हं."
"अवश्य कापा. तत्पूर्वी दिवाळीत आलेल्या आपल्या अठरा पाहुण्यांच्या भांड्यांचं थकीत देयक जोडून उर्वरित रक्कम सुट्या पैशांत द्यावी."
वहिनी आयसीयूत.

विंचूरकर
हसलो. पण जरा थांबा, हे हसू येतं कशामुळे? कामवाली बाई असं बोलूच शकणार नाही हे आपण आधीच धरून चाललोय म्हणून. हाच संवाद प्राध्यापिकेच्या तोंडी घाला, कुणी हसणार नाही. म्हणजे इंदायचा जोक साचा मोडतो म्हणता, पण उभा त्याच साच्यावर आहे. इंदाय हा मनिलातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मध्यमवर्गाने स्वतःच्या मोबाइलवर एकमेकांना पाठवलेला जोक असणार, इंदायने नव्हे. केतकीताई, तुमच्या ग्रुपवाल्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही.

मोरपीस
@विंचूरकर, पण शेवटी पडतं कोण? मालकीण पडते ना. मारियाच्या स्किटमध्ये मारियाच पडते. एवढा फरक मला पुरे आहे. आणि फिलिपिन्समध्ये इंग्रजीचा जो रुबाब आहे तो बघता, मालकिणीचं सगळ्यात धारदार शस्त्रच इंदायने काढून घेतलंय. आपल्याकडे नाही का, हॉटेलात वेटर मराठीत बोलला तरी आपण इंग्रजीत ऑर्डर देतो, तो प्रकार.

खडूस
मी मराठीतच देतो. पाणी साधंच.

मी_अनामिका
माझा नवरा मनिलात बीपीओत होता तेव्हा आम्ही मकातीला राहायचो, २०१५. याया डबची लाट मी डोळ्यांनी बघितलीय. 'ईट बुलागा' म्हणून तिकडे दुपारचा कार्यक्रम असतो, वर्षानुवर्षं चालणारा. त्यात एका विक्षिप्त श्रीमंत म्हातारीची, लोला निदोराची, याया म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. म्हातारी म्हणजे एक पुरुष नट लुगडं, सॉरी, गाऊन नेसून. याया एक अक्षर बोलायची नाही, सगळं लिपसिंकवर, चेहरे करून. मेन मेंडोझा नावाची मुलगी, डबस्मॅश या लिपसिंकच्या अ‍ॅपवरच्या व्हिडिओंवरून व्हायरल झालेली. १६ जुलै २०१५ ला स्क्रीनच्या दुसऱ्या चौकटीत आल्डन रिचर्ड्स हा देखणा हिरो दिसला आणि इतके दिवस ठोकळ्यासारखी बसणारी याया चक्क लाजली. ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. झालं, त्यावरून रोजची मालिकाच सुरू झाली. दोघं एकमेकांना चौकटीतूनच बघायचे, पाट्या लिहून दाखवायचे, म्हातारी म्हणायची योग्य वेळ आल्याशिवाय भेटायचं नाही. आमच्या खालच्या सलूनमध्ये दुपारी डोक्याला रंग लावलेल्या बायका, मॅनिक्युअर करणाऱ्या मुली, वॉचमन, सगळे एका छोट्या टीव्हीपुढे, रंग धुवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठत नसे. २४ ऑक्टोबरला फिलिपिन अरीनामध्ये मोठा कार्यक्रम झाला, ५५ हजार आसनांचं ते सभागृह, आणि त्या एका हॅशटॅगवर दिवसभरात ४ कोटी १० लाख ट्वीट!
देशभर लोक एका यायाचं लग्न जमावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. मला ते भारी वाटलं.

विंचूरकर
सुंदर माहिती. तरी एक शंका. मेन मेंडोझा स्वतः कॉलेजात शिकलेली, सुस्थितीतली मुलगी. यायाचा गणवेश घालून ती स्टार झाली. खऱ्या यायाला त्यातून काय मिळालं?

मी_अनामिका
आमच्या मजल्यावरची याया म्हणायची, "मॅम, पहिल्यांदाच टीव्हीतली याया चोर नाही, साहेबाच्या मागे लागलेली नाही आणि रडत पण नाही." तिला एवढं मिळालं. पगार अर्थातच तेवढाच.

सॅन्डी_करामा
दुबईहून लिहितोय. आमच्या बाजूला सतवा, तिथे फिलिपिनो वस्ती भरपूर. आमच्या बिल्डिंगमध्ये एक फिलिपिनो बाई सीनियर नर्स आहे. मॉलमध्ये स्वतःच्याच पोराला कडेवर घेऊन फिरते तर आपल्याच देशी बायका विचारतात "तुमच्या मॅडम कुठेत? तुला किती देतात? ओळखीत कुणी आहे का?" ती आता सरळ सांगते, "माझा रेट परवडणार नाही, माझ्याकडे पेशंट बेशुद्ध असावा लागतो." ठार. आम्ही हे वाक्य बिल्डिंगमध्ये अजून वापरतो.
आणि गल्फमध्ये उलट दिशेनेही व्हायरल होतं बरं. २०१८ मध्ये कुवेतच्या एका मेकअप इन्फ्लुएन्सरने व्हिडिओ टाकला, की म्हणे फिलिपिनो कामवालीला आठवड्याची सुट्टी आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क, मग ठेवायची कशाला. ती विनोद करत नव्हती हाच विनोद. जगभरातून धुतली तिला, काही ब्रँडनी संबंध तोडले.

खडूस
नर्सबाईंना साष्टांग __/\__

आजोबा_ठाणे
सगळं वाचलं. गंमत वाटली की आपण हे फिलिपिनो लोकांबद्दल बोलतोय. बाळांनो, मुंबईत गुजराती-पारशी घरांतला 'रामा' कोण होता? आपलाच रत्नागिरीकडचा माणूस. त्याचं खरं नाव गणपत असो की सखाराम, त्या घरात तो रामाच. हिंदी सिनेमातली 'बाई' कोण? नऊवारी, ठसठशीत कुंकू, "मेमसाब हम कल नहीं आयेगा". पन्नास वर्षं आपण ते बघून चिडलो. माझे मोठे काका गिरगावात एका शेटकडे होते. रात्री खोलीवर परत आले की शेटाणीची अशी हुबेहूब नक्कल करायचे की दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेले गाववाले उठून बसायचे. शेटाणीला तूप मोजायची सवय होती, चमच्याच्या मागच्या बाजूला राहिलेलं तूपसुद्धा ती बोटाने परत बरणीत लावायची. काका ते बोट दाखवायचे. त्यामुळे ते काका विग घालून मारिया करणार हे वाचून मला आमचेच काका आठवले, फक्त उलट्या बाजूने.

बोरीबंदर
आजोबा __/\__ मुद्दा बसला.
यावरून दीपिका म्हात्रे आठवल्या. नालासोपाऱ्याच्या, घरकाम करायच्या, लोकलमध्ये इमिटेशन ज्वेलरी विकायच्या, आणि मग स्टँडअप करायला लागल्या. त्यांचा सूरच असा की आम्ही किती स्पेशल, आमच्यासाठी वेगळी लिफ्ट, वेगळी भांडी! समोर बसलेले सगळे मॅडम-साहेबच, हसतायत पण जरा चुळबुळत. विंचूरकरांना पाहिजे तो हा प्रकार, जिथे जोक करणारीच्या हाताला व्हिमचा वास आहे.
आणि २०१९ मधलं पुण्याच्या बावधनच्या मावशींचं व्हिजिटिंग कार्ड आठवतंय का? भांडी इतके, कपडे इतके, पोळ्या इतके, रीतसर रेट छापलेले. ते विनोद म्हणून देशभर फिरलं पण फोन खरे आले. तिथे हसता हसता लोकांना अचानक कळलं की अरेच्चा, हा धंदा आहे, याला दरपत्रक असू शकतं.

लष्करच्या_भाकऱ्या
ते कार्ड मालकिणीने करून दिलं होतं हेही लक्षात ठेवा.

सोलकढी
म्हापशातून. आमच्याकडे तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, नोकर-मोलकरीण नसेल तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. कॉमेडी सगळी त्यांचीच. भाटकार, म्हणजे जमीनमालक, बडबडतो आणि चाकर प्रेक्षकांकडे बघून एक वाक्य टाकतो की भाटकाराचा फुगा फुटतो. पण हेही खरं की मोलकरीण नेहमी तोंडाळ, भुकेली आणि रंगवलेली. माझी मावशी कुवेतला घरकामाला होती, सुट्टीवर आली की तियात्राला जायची, सगळ्यात मोठ्याने हसायची. मात्र दुसऱ्या कुणी तिला 'आया' म्हटलं तर दोन दिवस बोलायची नाही. आता यातून काय निष्कर्ष काढायचा ते तुम्ही हुशार लोक काढा, मी कालवांची आमटी करायला जाते.

पेणचा_पापड
आमटीची रेसिपी द्या, बाकी चर्चा होत राहील.

कुर्ला_स्लो
सहसा वाचून जातो, लिहीत नाही. माझी आई धुणंभांडी करायची, घाटकोपरला, पाच घरं. मोरपीस आणि चिंगी यांचे जोक वाचून हसलो पण खरं सांगू का, आईचे जोक असे नसायचे. तिला जड भाषेची गरज नव्हती. दुपारी त्या सगळ्या बायका बिल्डिंगच्या जिन्याखाली डबे उघडून बसायच्या, मी शाळेतून तिकडेच जायचो. तिथे रोज कार्यक्रम. एका मॅडमबद्दल आई म्हणायची, "हिची माया एक्सपायरी डेटच्या आदल्या दिवशी उफाळून येते." बिस्किटं मऊ पडली की आम्हाला मिळायची. दुसरी एक, सोफ्यावर बसून योगा टीचरला सांगायची मला वाकता येत नाही, आणि मोलकरणीने सोफ्याखालचा कचरा काढला नाही हे मात्र वाकून बघायची. आई ते वाकणं करून दाखवायची. बाकीच्या बायका डब्यात चपाती तशीच धरून हसायच्या.
विंचूरकर म्हणतात की इंदाय साच्यावर उभी आहे. बरोबर. आमच्या जिन्याखाली तो साचाच नव्हता. तिथे बाई हुशार आहे हे सिद्ध करायचंच नव्हतं कुणाला, ते सगळ्यांना माहीत होतं. तिथे मॅडम हा साचा होता.

विंचूरकर
@कुर्ला_स्लो, हा प्रतिसाद चार वेळा वाचला. माझ्या मुद्द्याला हे पुढे नेणारं आहे.

चिंगी
आईंना नमस्कार सांगा. एक्सपायरी डेट वाक्य मी चोरणार आहे.

केतकी_हाँकाँ
कुर्ला_स्लो, अगदी हेच!! जिन्याखालचा कार्यक्रम आता फोनवर आलाय, इथल्या हेल्पर बायकांचे व्हिडिओ म्हणजे तेच आहे. घरात कॅमेरे असतात बऱ्याच जणांकडे, मग एक बाई पुसता पुसता कॅमेऱ्याखाली आली की स्लो होते, बाहेर गेली की नाचते, परत फ्रेममध्ये स्लो. किंवा मालकीण ऑफिसातून फोन करून विचारते "तू आत्ता बसलीस का?" अजून एक खूप चालणारा प्रकार म्हणजे एप्रन, मॉप, केस वर बांधलेले, एक उडी, आणि पुढच्या क्षणाला हील्स, गाऊन, सॅश. आणि तो बनाव नाही हो. रविवारी इथल्या सेंट्रल भागात जाऊन बघा. चेटर रोड गाड्यांना बंद असतो, एचएसबीसीच्या इमारतीखाली पुठ्ठ्यांच्या खोल्या मांडलेल्या, कुणी नखं रंगवतंय, कुणी घरी पाठवायच्या खोक्याला चिकटपट्टी लावतंय, आणि बाजूला खरोखरच्या सौंदर्यस्पर्धेची तालीम. सोमवारी परत मॉप.

लष्करच्या_भाकऱ्या
विनोद, व्हिडिओ सगळं ठीक, पण जरा कोरडी माहिती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा. फिलिपिन्सने २०१२ मध्ये मंजूर केला, आपण अजून केलेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्यांचा 'बातास कासांबाहाय' कायदा झाला, लेखी करार, रोजची विश्रांती, आठवड्याची सुट्टी, सामाजिक सुरक्षा, तेरावा पगार. तोही अनेक वर्षं संसदेत रखडलेला. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तो किती घरांत पोचला हे आपापल्या मावशींना विचारा.
हाँगकाँगमध्ये बाकी परदेशी माणसाला सात वर्षांनी कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो, हेल्परना नाही. २०१३ मध्ये तिथल्या अंतिम न्यायालयानेही तसाच निकाल दिला. वीस वर्षं तिथे राहून तिथलीच पोरं वाढवली तरी ती पाहुणीच. यात कुठल्या मीमने फरक पडलाय?

मोरपीस
मीमने कायदा बदलतो असं कोण म्हणालं? पण मीमने हे होतं की टीव्हीवाल्याला दहा वेळा विचार करावा लागतो. २०२२ मध्ये हाँगकाँगच्याच टीव्हीबी वाहिनीच्या मालिकेत एका नटीने चेहऱ्याला काळा रंग फासून फिलिपिनो हेल्पर केली. वरून ती तयारी करतानाचा व्हिडिओ अभिमानाने टाकला. इतका गदारोळ झाला की तो भाग काढून घ्यावा लागला.

विंचूरकर
आणि २००९ मध्ये तिथल्याच एका प्रसिद्ध स्तंभलेखकाने फिलिपिन्सला नोकरांचा देश म्हटलं होतं. चीन आणि फिलिपिन्समधल्या बेटांच्या वादावरून घरातल्या मोलकरणीला कसं झापलं अशा थाटात. नंतर म्हणाला उपरोध होता, माफी मागितली. उपरोध खरा की खोटा माहीत नाही, पण फिलिपिन्सने त्याला काही काळ देशात यायलाच बंदी घातली. वरून खाली फेकलेला विनोद असा दगडासारखा लागतो.

खडूस
बरं बरं, मी हरलो नाही पण अर्धं मान्य. मारिया काढून टाका म्हणजे स्किटमध्ये उरतं काय, पोहे?

पेणचा_पापड
मारिया ठेवा, पोहे बदला. मॅमने घरून आईला व्हिडिओ कॉल लावून विचारलेल्या उकडीच्या मोदकाची कृती करा. मॅमला उकड जमेना, आईचं इंग्रजी जमेना, आणि दहा वर्षं मराठी घरात काम केलेली मारिया दोघींच्या मध्ये दुभाषी. "मॅम, आजी म्हणते पाणी आधणाचं हवं, तुमचं कोमट आहे. स्वभावासारखं."

चिंगी
हसून हसून पुरेवाट! काकांना म्हणावं विग मॅमच्या पार्टला घाला.

कुर्ला_स्लो
किंवा सरळ त्यांनाच विचारा. तुमच्या घरच्या बाईंना दाखवा स्क्रिप्ट. त्या काय म्हणतात ते लिहा इथे.

केतकी_हाँकाँ
अपडेट! पापडांचं मोदकाचं स्क्रिप्ट ग्रुपवर टाकलं. काका थोडे फुगले, पण काकूंनाच मॅमचा रोल आवडला, त्यामुळे विषय मिटला. मारिया आता कुणी करायची यावर भांडण चालू आहे.
आणि हो, आमच्या ताईंना (नाव देत नाही) दोन्ही स्क्रिप्ट सांगितली. पोह्याचं ऐकून म्हणाल्या, "मॅम, फिलिपिन्समध्ये पण पोह्यासारखंच असतं, पिनिपिग म्हणतात, आम्ही ते खरंच दुधात घालून खातो, छान लागतं." म्हणजे विनोदच खलास. मोदकाच्या स्क्रिप्टला हसल्या, मग सुचवलं की मॅम फोन शोधत घरभर फिरते आणि फोन तिच्याच हातात असतो, हे घाला, "हे रोज होतं." माझ्याकडे बघून म्हणाल्या. घातलंय.

खडूस
पोहे दुधात? आमच्या कोकणात दूध-गूळ-पोहे पिढ्यान् पिढ्या खातात की! काकांना कोकणात पाठवा आधी.

आजोबा_ठाणे
हा हा, त्यावर खोबरं विसरू नका.

मी_अनामिका
ताई येणार का मग स्किट बघायला? पुढच्या रांगेत बसवा त्यांना.

केतकी_हाँकाँ
मी तेच विचारलं, मोठ्या मनाने आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, "कधी आहे मॅम?" म्हटलं रविवारी. तर म्हणाल्या, "रविवारी माझी सुट्टी. आमची पण स्पर्धा आहे, मी सेकंड रनर-अपला होते मागच्या वर्षी. तुम्ही व्हिडिओ पाठवा."
मग ग्रुपवर विचारलं, तर कळलं की बहुतेक सगळ्यांच्याच हेल्पर त्या दिवशी सेंट्रलला आहेत. आता शंभर जणांचं जेवण, भांडी आणि मोदक कोण करणार यावर सकाळपासून शुकशुकाट आहे.

कुर्ला_स्लो
काकांना सांगा, विग काढा आणि उकड मळायला घ्या.

पेणचा_पापड
आणि त्या स्पर्धेचा निकाल इथे टाका, आम्ही व्होटिंग असेल तर करतो.